मत जुळतं त्याच्याशीही अबोला, जुळत नाही त्याच्याशीही

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘प्रिय ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो आणि आईबाबांसोबत नागपुरातच राहतो. रात्री जेवणं आटोपली की आम्ही चार शाळेचे मित्र मोबाईलवर बीजीएमआय हा चौघांच्या टीमनं (स्क्वॉडनं) खेळायचा लढाईचा गेम खेळायला बसतो. एक पुण्यात, एक हैदराबादला, आम्ही दोघं इथे. गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत खेळता खेळता वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला. मला वेगळं राज्य हवंच असं मनापासून वाटतं. पुण्याचा मित्र म्हणाला, “वेगळं होऊन खाशील काय बे?” मी म्हणालो, “तू पुण्याचाच होऊन गेला. विकला गेला तू.” त्यानं माईक बंद केला, चालू मॅच सोडली आणि तेव्हापासून तो स्क्वॉडमध्ये आलेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा यानंच पुण्याहून रात्रभर फोन करून आपल्या मोठ्या भावाला आमच्याकडे धाडलं होतं. हे आठवलं की मला जेवण जात नाही.

घरी बाबा स्वतः जुने विदर्भवादी, तरुणपणी मोर्च्यांत गेलेले. वाटलं, ते तरी माझी बाजू घेतील. ते म्हणाले, “दिवसरात्र गेम खेळणाऱ्यानं राजकारणावर बोलू नये. सरकारनं गेम बंद केले, तरी तुमचं सुरूच.” मी म्हणालो, गेमचा आणि राजकारणाचा काय संबंध? त्यावरून दोन दिवस अबोला. आई म्हणते, तो मोबाईल फेकून दे, सगळी कटकट त्याच्यातूनच येते. बाकीचे मित्र म्हणतात, राजकारणावर बोलूच नको. मी नेमकं काय सोडू? मत, गेम, की तोंड उघडणं?’

– एक वाचक, नागपूर

प्रिय भाऊ,

तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे, ती लिहिताना तुझ्याही लक्षात आली नसावी. बाबांचं आणि तुझं विदर्भाबद्दल एकच मत आहे, तरी घरात दोन दिवस अबोला होता. मित्राचं मत तुझ्याहून वेगळं आहे, आणि ते काही अधिवेशनाच्या आठवड्यात एकाएकी वेगळं झालेलं नसणार. तरी शाळेपासून तुमचं छान चाललं होतं. भांडण मतांमुळे होत असतं, तर बाबांशी व्हायलाच नको होतं आणि मित्राशी केव्हाच व्हायला हवं होतं. म्हणून मत सोडायचा प्रश्न येत नाही. ते तुझं आहे, मनापासूनचं आहे, ठेव. गेमही सोडू नकोस, त्याबद्दल पुढे लिहिते. सोडायची ती एका प्रकारची वाक्यं, ज्यांत विषय बाजूला पडतो आणि समोरचा माणूसच आरोपी होतो. तू मित्राला तसं वाक्य बोललास, बाबा तुला तसं बोलले. ‘विकला गेला तू’ आणि ‘गेम खेळणाऱ्यानं बोलू नये’ ही दोन्ही वाक्यं एकाच जातीची. दोन्हीत विदर्भाबद्दल एक अक्षर नाही.

आधी मित्राचं बोलू, कारण तुझा जीव तिथे अडकला आहे.

तो पुण्यात का गेला? तू लिहिलेलं नाहीस, पण नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाला अंदाज आहे. नोकरीसाठी. इथली किती घरं अशी आहेत, की मुलगा किंवा मुलगी हिंजवडीला, खराडीला, नाहीतर थेट बंगळुरूला, आणि आईवडील इथे प्रतापनगरात नाहीतर नंदनवनात दोघंच. दिवाळी जवळ आली की पुणे–नागपूर गाडीचं तिकीट मिळत नाही आणि ट्रॅव्हल्सवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. तो तुझ्या मित्राच्या खिशातून जातो. आता तूच विचार कर. शिकलेल्या मुलाला घर सोडून इतक्या लांब जावं लागतं, हा तर तुझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. विदर्भात पुरेसं काम उभं राहिलं नाही, हेच तर तुझं म्हणणं आहे ना? त्याचा पुरावा म्हणून जो माणूस उभा करायचा, त्यालाच तू गद्दार ठरवलंस. ज्याला जावं लागलं त्याला ‘गेलास’ म्हणून टोचणं, यासारखं लागणारं दुसरं काही नसतं. तो चिडून निघून गेला असं तुला वाटत असेल. मला वाटतं तो दुखावला गेला.

आणि त्याचा प्रश्न? ‘खाशील काय बे’ हे आपल्या नागपुरी तोऱ्यात आलं म्हणून तुला टोमणा वाटला, पण प्रश्न खरा आहे, आणि जुना आहे. राज्याच्या महसुलात मुंबईचा वाटा फार मोठा. तो नसताना अकरा जिल्ह्यांचा संसार कसा चालवायचा, याचं उत्तर वेगळं राज्य मागणाऱ्यानं द्यायलाच हवं. तुझ्या बाजूलाही उत्तरं आहेत. कोळसा इथला, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची वीज इथली आणि ती सगळ्या राज्याला जाते; धूर आणि राख मात्र इथल्याच लोकांच्या वाट्याला येते. जंगल इथलं, खनिज इथलं. हे तू त्याला सांगू शकला असतास. तो आणखी काही म्हणाला असता. तास दीड तास मजेत गेला असता.

इतिहासही तुझ्या हाताशी आहे, तो नीट वाचून ठेव. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५३ च्या नागपूर करारात, विदर्भ मराठी राज्यात आला तर सरकार दरवर्षी काही काळ नागपुरात हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल, असं ठरलं. तू ज्या अधिवेशनाच्या दिवसांत भांडलास, त्याचं मूळ तिथे आहे. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. पुढे १९८४ मध्ये दांडेकर समितीनं विकासातला अनुशेष मोजला, १९९४ मध्ये तो भरून काढायला वैधानिक विकास मंडळं आली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. ती वेळेवर वाढवून मिळाली नाही.

सल्ला देणारीनं स्वतःचं मत लपवून ठेवू नये, म्हणून माझंही सांगते. वेगळ्या राज्यानं सगळं सुटेल याची मला खात्री नाही. नवी राजधानी, नवं मंत्रालय उभं राहिलं म्हणून गडचिरोलीच्या आतल्या गावात डॉक्टर पोचतोच असं नाही. पण करारातला सरकार नागपुरात हलण्याचा शब्द मनापासून पाळला गेला असंही मला वाटत नाही. डिसेंबरात एक-दोन आठवड्यांसाठी गाड्यांचे ताफे यावेत, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद व्हावेत, मोर्चे अडवले जावेत आणि मग सगळं सामान परत मुंबईला जावं, एवढ्यासाठी तो शब्द दिलेला नव्हता. विदर्भाचे ६२ आमदार आहेत. अधिवेशन लांबलं पाहिजे आणि त्यात सिंचन, शेती, नोकऱ्या यांवर दिवसच्या दिवस चर्चा झाली पाहिजे, एवढं मला ठामपणे वाटतं. तुला यातलं अर्धं पटेल, मित्राला कदाचित उरलेलं अर्धं. आपण तिघंही एका गाडीवर तर्री पोहे खाऊ शकतो.

राग येतो, हे मला मान्य आहे. आला पाहिजे. आपल्या शहरात तर रागासाठी वर्षातला एक दिवसच ठेवलेला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, इतवारी–महालाच्या गल्ल्या माणसांनी भरून जातात, आणि मारबतींसोबत बडगे निघतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, कुठल्याशा पुढाऱ्याचा बडग्या. त्यांच्या गळ्यात जे फलक असतात त्यांवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं, लोक ओरडतात, ‘घेऊन जा गे मारबत!’ आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. इतक्या वर्षांची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. सत्तेवर असलेल्याला, धोरणाला, फसवणुकीला शिव्या द्यायच्या असतील तर खुशाल द्याव्यात. त्या गवताच्या आणि कागदाच्या पुतळ्याला द्याव्यात, जो सोबत वाढला त्याला नाही.

आता जागेचं. हे भांडण खेळता खेळता झालं, आणि मला वाटतं ते पोह्याच्या गाडीवर झालं असतं तर इतकं वाढलं नसतं. मॅच सुरू असताना तुमचं अर्धं लक्ष पावलांच्या आवाजाकडे असतं. तुम्ही एकमेकांशी बोलता ते हुकमाच्या भाषेत: ‘रश कर’, ‘कव्हर दे’, ‘झोन येऊन राहिला, निघ’, ‘नॉक झालो, रिव्हाइव्ह दे’. खेळासाठी ती भाषा उत्तम आहे, पण त्या भाषेत विदर्भ मावत नाही. दोन शब्दांची घोषणा तेवढी मावते, आणि तुमच्या तोंडून घोषणाच निघाल्या. शिवाय चेहरा दिसत नाही. समोरचा म्हणताना हसत होता का, हे माईकवरून कळत नाही. त्याच्या ‘बे’मधली माया तुला ऐकू आली नाही, ती बहुतेक गोळीबारात बुडाली.

म्हणून एक साधा नियम चौघं मिळून करा. मॅच चालू असताना राजकारण नाही. लॉबीत, पुढच्या मॅचची वाट पाहताना, किंवा कुणी लवकर मेला आणि बाकीच्यांचा खेळ बघत बसला आहे तेव्हा, मनसोक्त. आणि विषय तापला की कुणीही ‘फोन करतो’ म्हणू शकतो. मग खरंच फोन करायचा.

मित्राकडे जायचं कसं, हे तू विचारलेलं नाहीस, पण तेच तुला हवं आहे. ग्रुपवर काही लिहू नकोस. ग्रुपवरची माफी म्हणजे बाकी दोघांसमोर त्याला उत्तर द्यायला लावणं. त्याला एकट्याला फोन कर, उचलला नाही तर आवाजातला निरोप पाठव. त्यात विदर्भ आणू नकोस. ‘माझं मत तेच आहे, पण’ अशी सुरुवात तर मुळीच नको, कारण ‘पण’ ऐकलं की माणूस पुढचं ऐकत नाही. एवढंच म्हण: ‘तुला विकला गेला म्हटलं, ते चुकलं. तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलेलो नाही.’ त्या पुराच्या रात्रीचं नाव घे. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ मधली ती रात्र, अंबाझरीचं पाणी ओसंडून नाग नदीत आलं आणि झोपेतली घरं बुडाली, हे नागपूर विसरणार नाही. तुझ्या घरात पाणी चढत असताना ज्यानं शेकडो किलोमीटरवरून आपल्या भावाला उठवलं, त्याला नागपूर परकं झालेलं नाही, हे तुला त्याच्याआधी कळायला हवं. निरोप पाठवल्यावर उत्तराची घाई करू नकोस. आठवडा जाऊ दे. तो दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नाला येईल तेव्हा स्टेशनवर घ्यायला जा.

मग एक दिवस, घाई न करता, त्याला विचार: ‘तुला वेगळं राज्य नको असं का वाटतं?’ विचारल्यावर गप्प बस आणि ऐक. प्रत्येकाच्या मतामागे काहीतरी घडलेलं असतं. त्याच्या वडिलांची बदली असेल, एखादा बुडालेला उद्योग असेल, पुण्यात मिळालेला पहिला पगार असेल. ते ऐकलंस की त्याचं मत तुला पटेल असं नाही, पण ते मूर्खपणाचं वाटणार नाही. तुझंही तसंच सांग. ‘विदर्भ वेगळा झालाच पाहिजे’ हे त्यानं हजारदा ऐकलं आहे. तुला असं वाटायला कुठल्या दिवशी, काय पाहून सुरुवात झाली, हे त्यानं कदाचित एकदाही ऐकलेलं नाही.

बाकीचे दोघं म्हणतात राजकारणावर बोलूच नको. त्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र मला मान्य नाही. विजयादशमीला या शहरात काय होतं बघ. दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात, कारण १९५६ मध्ये अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा मेळावा असतो, कारण १९२५ च्या विजयादशमीला संघ इथेच सुरू झाला. दोन अगदी वेगळे विचार, एक दिवस, एक शहर. दोन्हीकडून परतणारी माणसं एकाच चौकात सिग्नलला थांबतात. अशा गावात वाढलेल्या चार मित्रांनी एकमेकांशी राजकारण बोलायचंच नाही ठरवलं, तर बोलणार कुणाशी? अनोळखी लोकांशीच ना? ते जास्त वाईट. मित्राशी बोलताना निदान थांबायचं कुठे हे कळतं.

एक करता येईल. आपण सगळे दिल्लीवर, मुंबईवर मत देतो, आणि आपल्या वॉर्डातल्या नाल्यावर आपलं काही मतच नसतं. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बरीच वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात आला तो पूर. तुझ्या घरात पाणी शिरलं होतं. त्या नाल्याचं, त्या पुलाचं, अंबाझरीच्या सांडव्याचं पुढे काय झालं, याची माहिती काढ. हे तू डोळ्यांनी पाहिलेलं आहेस, इथे तुझ्या मताला कुणी हलकं म्हणू शकणार नाही. बाबाही नाही.

बाबांकडे येते. ‘सरकारनं गेम बंद केले’ हे त्यांचं म्हणणं अर्धवट माहितीवरचं आहे, आणि ते शांतपणे दुरुस्त करायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशांच्या व्यवहारांवर. ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात, ते खेळ त्यात येत नाहीत, आणि ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्यानं मान्यता दिली. कितीतरी घरं त्या पैशांच्या खेळांत बुडाली आहेत. बाबांच्या मनात तीच भीती असणार: पोरगा रात्री दार लावून मोबाईलवर असतो, पगार कुठे जातो कोण जाणे. त्यांची भीती खोटी ठरवायची असेल तर वाद घालू नकोस, खाते उघडून दाखव. गेममधल्या यूसी या नाण्यांवर, रॉयल पासवर महिन्याला काय खर्च होतो ते स्वतःहून सांग. दडवण्यासारखं नसेल तर दोन मिनिटांत काम होईल. दडवण्यासारखं असेल, तर आधी तो खर्च बंद कर.

पण तूही बाबांना एक अर्धवट गोष्ट बोललास. ‘गेमचा आणि राजकारणाचा काय संबंध?’ अरे, तुझ्या हातातला गेमच राजकारणातून आलेला आहे. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले जवान मारले गेले. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं चीनशी संबंध असलेल्या ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. कारण देशाच्या सुरक्षेचं दिलं होतं. मग दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं भारतासाठी वेगळा बीजीएमआय काढला, तो २ जुलै २०२१ ला आला. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. सीमेवर काय घडतं, माहिती कुठल्या देशात साठवली जाते, सरकार कोणत्या कलमाखाली काय बंद करू शकतं, हे सगळं त्या तुझ्या स्क्वॉडच्या लॉबीत येऊन बसलेलं आहे. तुमचा गेम बंद पडला होता तेव्हा तुम्ही चौघं त्यावर बोलला असाल, चिडला असाल. ते राजकारणच होतं. हे बाबांना सांग. ‘गेम खेळणाऱ्याला राजकारण कळत नाही’ याला हे चांगलं उत्तर आहे, आणि यात त्यांचा अपमान नाही.

एक उत्तर मात्र देऊ नकोस. दिव्या देशमुखचं. आपल्या नागपूरच्या मुलीनं जुलै २०२५ मध्ये बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला. म्हणून ‘बघा, खेळूनच ती मोठी झाली ना’ असं बाबांपुढे टाकायचा मोह होईल. तो आवर. तिनं लहानपणापासून जी मेहनत केली, तिची आणि तुमच्या रात्रीच्या मॅचची तुलना बाबांना तर पटणार नाहीच, तुलाही मनातून पटणार नाही. तू जगज्जेता व्हायला खेळत नाहीस. तीन गावांत पांगलेले चार मित्र रोज एकमेकांचा आवाज ऐकता, यासाठी खेळतोस. हे कारण पुरेसं आहे. हेच बाबांना सांग, आणि त्यांना विचार, की त्यांच्या वेळी रात्री जेवणानंतर ते कुठल्या पानठेल्यावर जमायचे, कोण कोण असायचं. मोर्च्यांना ते एकटे गेले नसणार. कुणीतरी मित्र सायकलवर डबलसीट घेऊन गेला असेल. विदर्भासाठी रस्त्यावर उतरलेल्या पिढीच्या आठवणी आता विचारल्या नाहीत तर जातील, आणि बाबांना त्या सांगायच्या आहेत. ‘गेम खेळणाऱ्यानं बोलू नये’ या वाक्याखाली मला ‘आम्ही काय केलं ते तू कधी विचारलंस?’ असं ऐकू येतं. जमलं तर तो मित्र आणि बाबा, दोघांनाही कधी समोरासमोर बसव. बाबांना त्याच्याशी वाद घालायला तुझ्यापेक्षा जास्त मजा येईल.

गेम सोडू नकोस म्हटलं, पण डोळे मिटून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे, २०२२ पासून ती यादी लागू आहे. त्यात किती तास खेळता याला महत्त्व नाही. खेळणं हातात राहत नाही, बाकी कामं आणि आवडी मागे पडतात, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि साधारण वर्षभर हे असंच चालतं, तेव्हा तो विकार धरतात. तुझ्या पत्रात यातलं मला काही दिसलं नाही. नोकरी चालू आहे, मित्राच्या आठवणीनं जेवण जात नाही, हे तर धडधडीत जिवंत माणसाचं लक्षण. तरी सकाळी कामावर जाताना झोप पुरी झालेली नसेल, तर शेवटच्या मॅचची वेळ ठरव आणि ती पाळ. कधी वाटलंच की हातात राहत नाही, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजायचं कारण नाही.

राहता राहिली आई. तिनं मोबाईल फेकायला सांगितलं, एवढंच तिच्याबद्दल तुझ्या पत्रात आहे. मित्राचं मत मला कळलं, बाबांचं कळलं, तुझं तर कळलंच. विदर्भाबद्दल आईला काय वाटतं, हे कुठेच नाही. तीही मतदान करते. त्या पुराच्या रात्री तीही गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि नंतर चिखल काढणं, गाद्या वाळवणं, भिजलेलं धान्य फेकणं, पंचनाम्यासाठी कागद शोधणं, यातलं बरंचसं तिनंच केलं असणार. तुम्ही दोघं अबोला धरता तेव्हा मधले निरोप तीच पोचवत असेल, ‘बाबांना म्हण, जेवायला चला’. तिला ती कटकट मोबाईलची वाटते, कारण तुमच्या दोघांच्या बोलण्यात शिरायला तिला जागाच ठेवलेली नाही. येत्या रविवारी बाबा घरात असताना तिला विचार, की वेगळं राज्य झालं तर तुझ्यासाठी काय बदलायला हवं. ती आधी ‘मला काय कळतं त्यातलं’ म्हणेल. पुन्हा विचार. आणि ती बोलायला लागली की तिचं पूर्ण होईपर्यंत तू मध्ये बोलू नकोस, बाबांनाही बोलू देऊ नकोस.